या लेकरांना स्वतःचा वकील द्या

वकिलाने स्वतःची जाहिरात करायची नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे आणि मला तो मान्य आहे. म्हणून आधीच सांगते, मला कामे नकोत, माणसे हवीत. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी काम करते आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांच्या बाजूने उभी राहते. हे काम मनापासून करणारे वकील आमच्याकडे इतके थोडे आहेत, की दोन न्यायालयांत एकाच वेळी पुकारा झाला तर त्यातले एक मूल वकिलाविना आत जाते. पुढच्या आठवड्याच्या बोर्डावरही तसेच होणार, हे मला आजच दिसते आहे. त्यामुळे हे आवाहन पहिल्यांदा सनद घेतलेल्या तरुण वकिलांना. मग आईबापांना, शिक्षकांना, आणि अशी बातमी वाचून ज्यांचे रक्त उसळते त्या सगळ्यांना.

"सरकारी वकील असतात ना? मग मुलाला आणखी वकील कशाला?" हा प्रश्न मला सुशिक्षित लोकही विचारतात. सरकारी वकील सरकारचे असतात. खटला 'राज्य विरुद्ध अमुक' असा चालतो आणि मूल त्यात साक्षीदार असते. माझ्या ओळखीचे बहुतेक सरकारी वकील सज्जन आहेत, पण त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो. पुष्कळदा मुलाची आणि त्यांची पहिली भेट साक्षीच्या दिवशी सकाळी व्हरांड्यात होते. पाच मिनिटांच्या त्या भेटीत मूल काय बोलणार? लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, लागू झाला. तो करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. त्याच्या ४० व्या कलमाने मुलाच्या कुटुंबाला स्वतःच्या पसंतीचा वकील घेण्याचा हक्क दिला आहे. परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाने तो द्यायचा आहे. २०२० च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी हा हक्क गुन्हा नोंदवतानाच मुलाला आणि पालकांना सांगायचा असतो. त्यासाठी 'नमुना अ' म्हणून एक छापील कागदही आहे. माझ्याकडे आलेल्या किती पालकांनी तो कागद पाहिला होता, ते विचारू नका.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात मुलांविरुद्धचे १,६२,४४९ गुन्हे नोंदले गेले आहेत आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. नोंद मोठी म्हणजे गुन्हेही तितकेच जास्त असे लगेच म्हणता येत नाही. लोक पोलिसांकडे जाऊ लागले, हेही त्यात आहे. पण पोलिसांकडे गेलेले मूल आज ना उद्या न्यायालयाच्या पायऱ्या चढणार. तिथे त्याच्यासोबत कोण असेल, एवढाच माझा विषय आहे.

घाई कसली, तेही सांगते. या खटल्यांची दिशा फार लवकर ठरते. अटकेनंतर थोड्याच दिवसांत जामिनाचा अर्ज येतो. सोळा वर्षांखालच्या मुलीवर बलात्काराचा आरोप असेल, तर जामिनाच्या सुनावणीला फिर्यादी किंवा त्याच्या वतीने कुणीतरी हजर असलेच पाहिजे, असा कायदा आहे. अर्जुन मालगे यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२१ ला सांगितले, की अशा अर्जांची माहिती मुलाच्या कुटुंबाला आणि त्यांच्या वकिलाला मिळालीच पाहिजे. आता प्रत्यक्षात काय होते ते ऐका. हवालदार नोटीस घेऊन घरी येतो, आई अंगठा देते किंवा सही करते, कागद देव्हाऱ्याच्या फळीवर जातो. त्या तारखेला बाई मजुरीवर असते. तिला कुणी सांगितलेलेच नसते, की त्या दिवशी न्यायाधीश तिचे म्हणणे ऐकणार होते. आरोपी सुटून येतो तो पुष्कळदा शेजारच्याच घरात, कधी त्याच घरात. हे मी वाढवून सांगत नाही. अशा गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण शंभरात नव्वदाहून अधिक आहे. जामीन कायद्याने मिळत असेल तर मिळावा, त्याला माझी ना नाही. पण मुलाच्या गल्लीत यायचे नाही, शाळेच्या वाटेवर फिरकायचे नाही, या अटी मागायला तरी कुणी उभे राहायला हवे.

आता साक्षीचा दिवस. तरुण वकिलांनो, या कामाची खरी परीक्षा इथे आहे आणि ती टीव्हीवरच्या खटल्यांसारखी नसते. मुलाच्या वकिलाला स्वतः सरतपास घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रेखा मुरारका यांच्या प्रकरणात स्पष्ट केले, की पीडिताच्या वकिलाने सरकारी वकिलाला साहाय्य करायचे, खटल्याची सूत्रे हातात घ्यायची नाहीत. त्यामुळे आपण बसतो सरकारी वकिलांच्या शेजारी आणि चिठ्ठ्या सरकवतो. 'मुलीला "दुपारी" आणि "संध्याकाळी" यातला फरक कळत नाही, शाळा सुटण्याआधी की नंतर, असे विचारा.' 'तिला लघवीला जायचे आहे, दोनदा सांगून झाले.' 'हा प्रश्न पाठोपाठ चौथ्यांदा आला.' मोठ्या आवाजात युक्तिवाद करायची हौस असेल तर हे काम तुम्हाला जड जाईल. चिठ्ठी कधी द्यायची आणि कधी थांबायचे, हे कळायलाच काही वर्षे जातात.

कायद्याने बचाव पक्षाच्या वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचा नसतो. तो न्यायाधीशांना सांगायचा आणि न्यायाधीशांनी मुलाला विचारायचा, असे ३३ वे कलम म्हणते. आक्रमक प्रश्न नकोत, चारित्र्यावर शिंतोडे नकोत, मधेमधे विश्रांती हवी, मुलाला पुन्हा पुन्हा बोलवायचे नाही. ३६ वे कलम सांगते, की साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेला पडता कामा नये. हे सगळे लिहिलेले आहे. पण दुपारचे साडेचार वाजलेले असतात, बोर्ड संपायचा असतो, आणि 'तू खोटं बोलतेस ना?' हा प्रश्न थेट मुलीच्या अंगावर जातो. तेव्हा शांतपणे उठून 'महोदय, कलम ३३' एवढेच म्हणणारे कुणीतरी लागते. माझ्या अनुभवात बहुतेक न्यायाधीश ते तत्काळ ऐकतात. कुणी म्हणालेच नाही, तर तेही विसरतात.

शिवाय आरोपीला मुलापासून झाकणारा पडदा असतो तो न्यायालयाच्या खोलीत. व्हरांड्यात नसतो, चहाच्या टपरीवर नसतो, एस.टी. स्टँडवर तर नाहीच. मुलाला जो दिसू नये तो तिथेच समोर, नातेवाइकांचा घोळका घेऊन उभा असतो. म्हणून मुलाला किती वाजता आणायचे, कोणत्या दाराने आणायचे, पुकारा होईपर्यंत कुठे बसवायचे, याची व्यवस्था आदल्या दिवशी करावी लागते. शिरस्तेदाराला भेटायचे, पट्टेवाल्याला विश्वासात घ्यायचे, न्यायाधीशांना अर्ज द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ ला स्मृती बडदे यांच्या प्रकरणात अशा साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र साक्ष केंद्र करण्याचे आदेश दिले. ज्या न्यायालयात केंद्र आहे तिथे ते उघडून घ्या. खोलीला कुलूप आणि आत जुन्या फायली असतील तर अर्ज करा, पुन्हा करा. विद्यापीठात हे कुणी शिकवत नाही आणि निकालपत्रात याची एक ओळही येत नाही. पण मूल बोलते ते यामुळे बोलते.

मूल कसे बोलते? त्याला तारीख ठाऊक नसते. 'पोळ्याच्या आदल्या दिवशी.' 'आत्याचं लग्न झालं त्याच्यानंतर.' 'गणपती बसले होते.' उलटतपासात त्याला विचारतात, 'किती तारखेला? किती वाजता?' मूल गप्प बसते आणि ती चुप्पी कागदावर 'साक्षीदार उत्तर देऊ शकला नाही' अशी उमटते. जो वकील मुलाला आधी चार वेळा भेटला आहे, त्याच्याशी भोवरा किंवा मोबाइलवरच्या गाण्यांबद्दल बोलला आहे, त्यालाच कळते की हे मूल काळ सणांनी मोजते. मग पंचांग काढायचे, त्या वर्षीचा पोळा कधी होता ते पाहायचे आणि सरकारी वकिलांच्या हातात ठेवायचे. मुलाला उत्तरे पढवायची मात्र अजिबात नाहीत. पढवलेले मूल पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडते, आणि पडायलाच हवे.

दुसरी जागा वयाची. मूल अठरा वर्षांखालचे आहे हे सिद्ध झाले नाही, तर पोक्सोच लागू होत नाही. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचे प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, यांपैकी काहीच नसेल तर वैद्यकीय चाचणी, हा बाल न्याय कायद्याचा क्रम आहे. मुंबई-पुण्यात हे सोपे वाटते. बीडहून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाची मुलगी घ्या. जन्म एका कारखान्याच्या फडात, पहिली गावात, दुसरी अर्धवट सुटलेली, गुन्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या तिसऱ्याच तालुक्यात. समन्स गावच्या पत्त्यावर जाते, तिथे दाराला कुलूप. बेलीफ शेरा मारतो, 'साक्षीदार आढळून आला नाही.' असे दोनचार शेरे पडले, की खटला साक्षीविना संपतो. त्या मुलीचे आईबाप हंगाम संपला की कुठे जातात, मुकादम कोण, त्याचा फोन कोणता, हे वहीत लिहून ठेवणारा एक माणूस असता तर तो खटला उभा राहिला असता. तो माणूस म्हणजे तिचा वकील. कारकुनी काम वाटते ना? या खटल्यांचा निम्मा जीव अशा कारकुनीत असतो.

आणि तिसरी गोष्ट, घरचा दबाव. आरोपी काका असतो, सावत्र बाप असतो, कधी सख्खा बापच असतो. घर त्याच्या पगारावर चालते. आजी म्हणते, झालं गेलं विसरा. मामा म्हणतो, पोरीचं लग्न व्हायचंय. आई साक्षीला उभी राहते आणि म्हणते, 'पोलिसांनी सह्या घेतल्या, मला काही माहीत नाही.' मग तिला फितूर जाहीर केले जाते. त्या आईला शिव्या घालणे फार सोपे आहे, पण महिन्याचे वाणसामान तिला कोण भरून देणार? त्यासाठी कायद्यात सोय आहे. बाल कल्याण समितीच्या शिफारशीने अन्न, कपडे, प्रवास यांसाठी तातडीची रक्कम मिळू शकते, विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकते, आणि राज्याच्या २०१३ च्या मनोधैर्य योजनेतून जास्तीत जास्त दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. मागितले तर. यातले काहीही आपणहून घरी चालत येत नाही. मुलाच्या वकिलाने केलेला भरपाईचा अर्ज अनेकदा त्याच्या सर्वांत प्रभावी युक्तिवादाइतकाच उपयोगी पडतो, कारण त्या पैशावर आईला खरे बोलता येते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी, नाहीतर तरुण वकिलांची फसवणूक होईल. पोक्सोखाली येणारे सगळेच खटले लहानग्यांवरच्या अत्याचाराचे नसतात. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने मुलासोबत निघून जाते, जात वेगळी असते, बाप फिर्याद देतो. अशा वेळी तुमचे अशील बाप नव्हे, ती मुलगी. तिचे म्हणणे बापाला आवडणारे नसेल तरी तेच न्यायालयापुढे ठेवायचे. ज्याला हे जमणार नाही त्याने या कामात येऊ नये. तसेच बचाव पक्षाच्या वकिलाला खलनायक समजणाऱ्यानेही येऊ नये. निरपराध माणूस आत जाऊ नये म्हणून तो उभा असतो आणि त्याने नीट काम केले तरच आपल्या बाजूचा निकाल वरच्या न्यायालयात टिकतो.

टिकण्यावरून आठवले. कुलाब्यातल्या अँकरेज बालगृहात रस्त्यावरच्या मुलांचे लैंगिक शोषण झाल्याचे प्रकरण २००१ मध्ये उघड झाले. डंकन ग्रँट आणि अ‍ॅलन वॉटर्स हे दोन ब्रिटिश नागरिक त्यात आरोपी होते. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सोडले, आणि १८ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. तक्रार केली तेव्हा जी पोरे होती ती तोवर बापे झाली होती. मधल्या त्या काळात चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन आणि बालहक्कांचे वकील मागे हटले असते, तर २००८ लाच सगळे संपले असते. गोव्यातही तसेच. मडगावच्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि जन्मठेप व्हायला १९९६ उजाडले. त्या प्रकरणात शीला बारसे नावाची पत्रकार चिकाटीने पाठीमागे उभी होती. पुढे गोव्याने २००३ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली बाल न्यायालय उभे केले. कपड्यांवरून झालेला स्पर्श गुन्ह्यात बसत नाही, त्वचेला त्वचा लागलीच पाहिजे, असा अजब अर्थ काढणारा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ मधला निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला रद्द केला, तोही देशाचे महान्यायवादी स्वतः धावून गेले म्हणून. प्रत्येक मुलासाठी दिल्लीतून कुणी धावून येणार नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले. लैंगिक अत्याचार सोसलेल्या चिमुरड्या मुलींच्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवल्याचे समोर आले होते. त्या संतापात खोटे काही नव्हते. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि पुष्कळांनी पेढे वाटले. मला त्या दिवशी वेगळेच वाटत होते: आता त्याच्यावर खटला चालणार नाही, आणि त्या मुलींचे म्हणणे कोणत्याही न्यायालयात पुराव्याने शाबीत होणार नाही. रुळांवर उतरलेल्यांपैकी थोड्यांनी जरी आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मुलाला तारखेला न्यायालयात नेऊन आणायची जबाबदारी घेतली असती, तर माझ्यासारख्यांचे काम अर्धे झाले असते. मोर्चा एक दिवस चालतो. तारखा वर्षानुवर्षे पडतात. कायदा म्हणतो, दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि वर्षभरात खटला संपावा. हे सर्रास होत नाही, पण मुलाचा वकील दर तारखेला उभा राहून ३५ व्या कलमाची आठवण देत असेल तर फरक पडतो.

आता पैशाचे. लपवून उपयोग नाही. विधी सेवेच्या पॅनेलवरच्या वकिलाचे मानधन तुटपुंजे असते आणि उशिरा येते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून आरोपींना मोफत वकील देण्यासाठी पूर्णवेळ पगारी वकिलांची यंत्रणा उभी केली. ती हवीच होती, मी तिच्या बाजूची आहे. पण पीडित मुलांसाठी तशी पूर्णवेळ यंत्रणा का नको? आरोपीच्या बाजूला पगारी वकील आणि मुलाच्या बाजूला सवड मिळेल तसा येणारा वकील, हे कोणत्या तराजूत बसते? माझे हे मागणे राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे. आमदार-खासदारांनाही पत्रे लिहा, पण त्यात फाशीची मागणी लिहू नका, हे लिहा.

तोवर घर कसे चालवायचे? आम्ही चालवतो तसे. वाटपाचे दावे, अपघात भरपाई, धनादेश न वटल्याचे खटले, ही कामे भाकरी देतात; त्यांच्यासोबत वर्षाला पोक्सोची दोनचार प्रकरणे नीट हाताळली तरी जिल्ह्याचे चित्र बदलेल. नाव होईल म्हणाल तर तेही नाही. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई असल्याने जिंकलेला खटलाही तुम्हाला जेवणाच्या टेबलावर सांगता येत नाही. झोप उडते. घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या स्वतःच्या मुलांवरच्या नजरा संशयाने तपासायची सवय लागते. याबद्दल सहकाऱ्यांशी बोलत राहा, गरज पडली तर समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा काही नाही. आणि पुरुष वकिलांनो, हे बायकांचे काम समजून बाजूला होऊ नका. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात लैंगिक छळ झाल्याचे सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. ते बोलत नाहीत, एवढेच.

आईबापांनो, गुन्हा नोंदवताना ठाणे अंमलदाराला एवढेच म्हणा, 'आम्हाला कलम ४० खाली वकील हवा आहे.' मुलाला मोफत वकील मिळायला तुमच्या उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जबाबासाठी मुलाला ठाण्यात न्यायची गरज नाही, पोलिसांनी गणवेश न घालता घरी यायचे असते. बाल कल्याण समितीकडून मुलाला साथ देणारी सहायक व्यक्ती मागून घ्या. आणि शिक्षकांनो, मुख्याध्यापकांनो, शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण दाबणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. संस्थाप्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वर्गातल्या मुलाने काही सांगितले तर तुम्ही चौकशी समिती नेमू नका, १०९८ किंवा ११२ लावा. वकील हवा असेल तर विधी सेवेचा क्रमांक १५१०० आहे.

वकील मित्र-मैत्रिणींनो, पॅनेलसाठी तीन वर्षांची वकिली लागते. ती झाली असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, पुढची नेमणूक कधी निघते ते विचारा आणि अर्जात 'पोक्सोतील पीडित मुलांसाठी' असे स्वच्छ लिहा. तीन वर्षे झाली नसतील तर आमच्यापैकी कुणाचे ज्युनिअर व्हा; फायली लावायला, गावे शोधायला, बेलीफाच्या मागे फिरायला हात हवेत. येताना बाजारातले गाइड आणू नका. मूळ कायदा आणि २०२० चे नियम वाचून या. सोबत वकीलपत्राचे काही कोरे फॉर्म ठेवा, पहिल्याच दिवशी लागतील.